घड्याळ मनगटावर ठोके मोजतं, पण या मराठी स्वामींनी शंभर वर्षांपूर्वीच योगाला मशीनसमोर बसवलं होतं

रावेतमध्ये सकाळी सहाला बास्केट ब्रिजच्या बाजूला चक्कर मारा. खाली पवना, वर धुकं आणि रस्त्यावर पळणारी माणसं. कुणी हिंजवडीच्या आयटी कंपनीतलं, कुणी चाकणच्या प्लांटमधून नाईट शिफ्ट करून आलेलं.

यातल्या बऱ्याच जणांच्या मनगटावर एक घड्याळ असतं. पळता पळता मध्येच थांबायचं, हात वर करायचा आणि आकडा बघायचा. १४२. १५१. १६८.

पूर्वी हा आकडा हवा असेल तर छातीला पट्टा बांधावा लागायचा. आता पट्टा गेला. नुसतं घड्याळ घातलं की काम झालं.

पण हा आकडा खरा असतो का? आणि घड्याळ नक्की मोजतं तरी काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका मराठी माणसाची गोष्ट सापडते. त्यासाठी फार लांब जायला नको. आकुर्डी स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं.

या माणसाचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं.

गुणे मास्तर ते कुवलयानंद

३० ऑगस्ट १८८३. गुजरातमधल्या डभोई गावात एका मराठी घरात जगन्नाथचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. आजही दहावीला ही शिष्यवृत्ती मिळाली की गावात पेढे वाटतात, तर तेव्हा तिचा मान काय असेल याचा विचार करा.

पुढचं शिक्षण बडोद्यात. त्या काळात बडोदा कॉलेजात अरविंद घोष शिकवत होते. इकडे लोकमान्य टिळकांचा जोर होता. या दोघांचाही गुण्यांवर मोठा प्रभाव पडला. लग्न करायचं नाही आणि आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं.

बडोद्यातच त्यांना पहिले गुरू भेटले. राजरत्न माणिकराव. जुम्मादादा व्यायामशाळेचे माणिकराव म्हणजे त्या काळातलं व्यायामातलं मोठं नाव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुण्यांनी त्यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे धडे घेतले.

म्हणजे योगाकडे वळण्याआधी हा माणूस तालमीत तयार झाला होता. शरीर कमवणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्यानंतर ते खानदेशात गेले. अमळनेरला शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्यही झाले.

नर्मदेकाठचा गुरू आणि एक खटकणारा प्रश्न

१९१९ मध्ये गुण्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहायचे. गुणे त्यांचे शिष्य झाले.

तिथे त्यांनी आसनं, प्राणायाम आणि शुद्धिक्रिया शिकल्या. शरीरात बदल होतोय हे त्यांना जाणवत होतं.

पण गुणे पडले शिकलेले. नेमकं काय होतंय, का होतंय, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

त्या काळी योगाबद्दल दोनच प्रकारची माणसं होती. काहींना तो चमत्कार वाटायचा. योगी हवेत तरंगतो, हृदय थांबवतो, काहीही करतो. आणि इंग्रजी शिकलेल्यांना तो निव्वळ थोतांड वाटायचा.

गुण्यांनी तिसरा रस्ता धरला. त्यांनी ठरवलं, मोजून बघू.

१९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये उड्डियान आणि नौली या क्रियांवर प्रयोग केले. या क्रियांमध्ये श्वास बाहेर सोडून पोट आत खेचतात आणि पोटाचे स्नायू फिरवतात. हे चालू असताना एक्स-रे काढले गेले, शरीराच्या आतला दाब मोजला गेला.

त्यातून एक मजेशीर गोष्ट बाहेर आली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे आत चक्क पोकळी तयार होते. बस्ती करणारे योगी कुठल्याही पंपाशिवाय पाणी आत कसं ओढून घेतात, याचं उत्तर मिळालं. त्यात चमत्कार नव्हता, तो हवेच्या दाबाचा साधा नियम होता.

गुण्यांनी या पोकळीला गुरूंचं नाव दिलं. माधवदास व्हॅक्यूम.

लोणावळ्यात आश्रम, आणि आश्रमात लॅब

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. गुणे मास्तर आता स्वामी कुवलयानंद झाले होते.

आश्रम तर देशात पुष्कळ होते. पण या आश्रमाचं वेगळेपण म्हणजे तिथे प्रयोगशाळा होती. त्याच वर्षी योगमीमांसा नावाचं इंग्रजी त्रैमासिकही सुरू झालं. प्रयोग कसा केला, कुणावर केला, आकडे काय आले, सगळं त्यात छापून यायचं.

आणखी एक योगायोग बघा. त्याच १९२४ साली नेदरलँड्सच्या विलेम आइन्थोव्हेन यांना नोबेल मिळालं. कशासाठी? ईसीजीसाठी. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक बारीक विद्युत लहर उठते, ती कागदावर उतरवायचं तंत्र त्यांनी जगाला दिलं होतं.

इकडे लोणावळ्यात स्वामीजी शीर्षासन आणि सर्वांगासन करणाऱ्यांचा रक्तदाब मोजत होते. डोकं खाली पाय वर केले तर रक्तदाब भयंकर वाढेल, अशी भीती तेव्हा अनेकांना होती. स्वामीजींनी ना ती भीती हसण्यावारी नेली, ना ती डोळे झाकून मानली. यंत्र लावलं, आकडे घेतले आणि छापले.

१९२७ मध्ये महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी पडले, तेव्हा त्यांनी स्वामीजींचं मार्गदर्शन घेतलं. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेच्या येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन कैवल्यधामला येऊन राहिले, योग शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

खरंच योगी हृदय थांबवतात का?

आता येतो सगळ्यात अवघड प्रश्न.

योगी आपलं हृदय थांबवू शकतात, असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. बघणाऱ्यांनी मनगटावर बोटं ठेवली तर नाडी खरोखर गायब व्हायची. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टरीण बाई ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या. एका योग्याच्या नोंदीत ठोक्यांच्या रेषा अगदी बारीक झालेल्या त्यांना दिसल्या. झालं, जगभर चर्चा.

१९५७ मध्ये अमेरिकेचे वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ भारतात आले. त्यांच्या कामाचा काही भाग लोणावळ्याला झाला. आपल्याच लोकांची अशी तपासणी होताना एखाद्या आश्रमाने दार लावून घेतलं असतं. निकाल उलटा लागला तर इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पडायची भीती असतेच. कैवल्यधामने दार उघडं ठेवलं.

दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासोबत या दोघांनी हृदयावर ताबा असल्याचं सांगणाऱ्या चार जणांची तपासणी केली. १९६१ मध्ये निष्कर्ष छापून आले.

चारपैकी तिघं श्वास कोंडून छाती आणि पोटाचे स्नायू जोरात आवळत होते. त्यामुळे छातीतला दाब वाढायचा आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडायचं. हृदयात रक्तच कमी आलं की ते बाहेर काय ढकलणार? म्हणून मनगटावरची नाडी लागायची नाही, ठोक्यांचा आवाजही मंद व्हायचा.

पण ईसीजीवर ठोके चालूच होते. हृदय थांबलेलं नव्हतं.

चौथ्या माणसाने मात्र आपल्या ठोक्यांचा वेग खरोखर बराच कमी करून दाखवला. म्हणजे दावा सगळाच खोटा नव्हता आणि सगळाच खरा पण नव्हता. मोजलं म्हणून दोन्ही कळलं.

याचा तुमच्या घड्याळाशी काय संबंध?

थेट संबंध आहे.

हृदयाचा ठोका आणि मनगटावरची नाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोका हे कारण, नाडी हा परिणाम.

छातीचा पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो, आइन्थोव्हेन यांच्या यंत्रासारखी. १९८० च्या दशकात असे बिनतारी पट्टे बाजारात आले. नंतर काही बिनपट्ट्याची घड्याळं आली, त्यात दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाला टेकवावं लागायचं. डाव्या मनगटापासून उजव्या बोटापर्यंत सर्किट पूर्ण झालं की घड्याळ तीच लहर वाचायचं. आजच्या ईसीजीवाल्या स्मार्टवॉचमध्येही हीच युक्ती आहे.

पण पळताना सतत आकडा दाखवणारं घड्याळ विद्युत लहर वाचत नाही. ते रक्त बघतं. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं.

म्हणजे त्या योग्यांच्या मनगटावर ठेवलेली बोटं आणि तुमचं घड्याळ, दोघंही एकाच जागी बसलेत. रक्त मनगटापर्यंत नीट पोचलं नाही की दोघंही फसतात.

म्हणूनच थंडीत आकडा गंडतो. घड्याळ ढिलं असेल तर गंडतो. डंबेल घट्ट पकडून मनगट वाकवलं तर गंडतो. गडद टॅटूवर घड्याळ बांधलं तरी गंडू शकतो. आणि पळताना कधीकधी घड्याळ ठोक्यांऐवजी तुमच्या पावलांचाच ताल मोजत बसतं.

उपाय सोपे आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधा. पळायच्या आधी पाच मिनिटं अंग गरम करा. वेगात अचानक चढउतार असलेला व्यायाम असेल तर छातीचा पट्टा आजही जास्त भरवशाचा.

आकडा विचित्र वाटला तर थांबा, मनगटावर दोन बोटं ठेवा, तीस सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. घड्याळ खरं बोलतंय का, लगेच कळेल. २२० मधून वय वजा करून येणारी कमाल ठोक्यांची मर्यादाही ढोबळ अंदाज आहे, तुमच्या शरीराचा नियम नाही.

मात्र छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागून थांबेना, तर घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसू नका. सरळ डॉक्टर गाठा. आणि श्वास कोंडून नाडी गायब करायचा प्रयोग घरी चुकूनही करू नका.

शेवटपर्यंत मोजतच राहिले

स्वामीजींनी पुढे लोणावळ्यात योगाचं कॉलेज काढलं. मुंबईत चौपाटीजवळ केंद्र उभं केलं. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. कैवल्यधाम आजही सुरू आहे.

त्यांची योगावर श्रद्धा होती. ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे, तीच तपासायला द्यायला जिगर लागते. स्वामीजींनी ती आयुष्यभर दाखवली.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक आकडा मिळवायला मोठाली यंत्रं लागायची. आज तो आकडा रावेतच्या रस्त्यावर पळणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर आहे. उद्या पळताना घड्याळाने १६८ दाखवलं, तर घाबरूही नका आणि फुशारूनही जाऊ नका. दोन बोटं मनगटावर ठेवा आणि एकदा स्वतः मोजून बघा.