आंद्रेस सेल्सियस
स्वीडन देशातील उप्साला नगरात सन १७०१ मध्ये हे ज्योतिर्विद जन्मले. सन १७४२ मध्ये त्यांनी पाणी गोठणे व उकळणे यांमधील उष्णतामानाचे शंभर अंश केले. परंतु उकळत्या पाण्यास शून्य व बर्फास शंभर, असा क्रम लाविला. सन १७४४ मध्ये ते क्षयाने वारले. त्यानंतर इतरांनी तो क्रम उलटविला. नाव मात्र त्यांचेच राहिले.

फारेनहाइटच्या मापात हेच दोन बिंदू ३२ व २१२ आहेत. यास्तव त्या आकड्यातून ३२ वजा करून बाकीस ५ ने गुणावे व ९ ने भागावे, म्हणजे सेल्सियसचे अंश निघतात. १०४ अंशांचा ताप येथे ४० होतो. तेव्हा लेकराचा ताप ४० आहे असे कळल्यास, आकडा लहान म्हणून निश्चिंत न राहता तत्काळ डाक्तरास दाखवावे, अशी आम्ही वाचकांस विनंती करितो.