विश्लेषण : बाली की लोम्बोक? जहाज मिळाले नाही म्हणून वॉलेस यांना काय सापडले?

बालीची तिकिटे काढताना शेजारच्या लोम्बोकचाही विचार करताय? दोन्ही बेटे इंडोनेशियाचीच. मधली सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी जेमतेम 20 किलोमीटर, म्हणजे तळेगावहून इंदुरीमार्गे चाकण गाठावे इतकी. तरी पलीकडचे पक्षी वेगळे. हे नेमके हेरले आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी, तेही योगायोगाने.

कोण होते वॉलेस?
जन्म 1823, वेल्स. पैशांअभावी 14व्या वर्षी शाळा सुटली, मग जमीनमोजणीची कामे. पुढे कीटक-पक्ष्यांचे नमुने विकून पोट भरले. 1852 मध्ये ॲमेझॉनहून परतताना जहाज पेटले, बहुतेक संग्रह जळाला. दोनच वर्षांत ते सिंगापूरला हजर!

बेटांवर काय दिसले?
1856 मध्ये मकासरला थेट जहाज मिळेना, म्हणून बाली-लोम्बोकचा वळसा. बालीत मुक्काम दोन दिवसांचा. तिथे आपल्याकडे वडावर टुकटुकणाऱ्या तांबटाचे जातभाई दिसले. लोम्बोकमध्ये ते गायब, उलट ऑस्ट्रेलियाकडचे पांढरे काकाकुवे.

कारण काय?
समुद्राची खोली. हिमयुगात पाणी सुमारे 120 मीटर उतरले, तेव्हा बाली आशियाला जोडले गेले. लोम्बोकपुढची सामुद्रधुनी खोल असल्याने भरलेलीच राहिली. हीच आजची वॉलेस रेषा.

1858 मध्ये वॉलेस यांनी उत्क्रांतीवरचा निबंध डार्विनना पाठवला. त्याच वर्षी 1 जुलैला लंडनमध्ये दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. नाव मात्र डार्विन यांचेच गाजले. 1862 मध्ये वॉलेस मायदेशी परतले, 1913 मध्ये त्यांचे निधन झाले. बालीत नमुने पुरेसे जमवले नाहीत, ही खंत त्यांना राहिली. तिथे पुन्हा जाणे झालेच नाही.