मुक्तसरनंतरची माई भागो

देवनारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बीजी दरवर्षी नांदेडला जातात. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. सचखंड हुजूर साहिबचं दर्शन झालं, लंगरमध्ये जेवण झालं आणि मग त्यांनी मला हाताला धरून आवारातल्याच एका वास्तूपाशी नेलं. बुंगा माई भागो. माई भागो राहायची ती ही जागा. शिखांच्या एवढ्या मोठ्या तख्ताच्या आवारात एका बाईचं घर! मला तर नावही ठाऊक नव्हतं. परतीच्या गाडीत बीजी सांगत राहिल्या, नंतर मीही मिळेल ते वाचत गेले.

भागो अमृतसरजवळच्या झबाल गावची. घराणं गुरू अर्जनदेवांच्या काळापासून शीख. घोडा आणि हत्यारं ती माहेरीच शिकली, असं परंपरा सांगते. लग्न होऊन पट्टीच्या निधानसिंगांच्या घरी गेली.

पुढे आनंदपुरात गुरू गोविंदसिंगांना मुघल आणि पहाडी राजांच्या फौजांनी वेढा घातला. महिनोन्महिने तो उठेना. धान्य संपलं, झाडांच्या साली खायची वेळ आली. तेव्हा माझा भागातल्या चाळीस जणांनी, आता आपलं गुरू-शिष्याचं नातं उरलं नाही, असं लिहून दिलं आणि घर गाठलं. त्या कागदाला बेदावा म्हणतात.

भागोला हे सहन झालं नाही. इथे सांगणारे हमखास बांगड्यांचा प्रसंग घालतात, म्हणजे तिने पुरुषांना बांगड्या भरायला सांगितल्या वगैरे. मला ते खटकतं. बांगड्या भरणाऱ्या हातांनीच तर पुढे तलवार धरली! शिवाय ती माणसं भित्री नव्हती, उपाशी होती. भागो नुसती टोमणे मारून घरात बसली नाही. स्वतः घोड्यावर बसली आणि त्यांना घेऊन निघाली.

१७०५ साली खिद्राण्याच्या तळ्याशी गाठ पडली. सरहिंदच्या वजीरखानाची फौज गुरूंच्या मागावर होती. मुलूख कोरडा, ज्याच्या हाती तळं त्याची बाजू वरचढ. मूठभर शिखांनी झुडपांवर चादरी पसरल्या, लांबून तंबूच वाटावेत म्हणून. लढाई घनघोर झाली. पाण्यावाचून अखेर फौज मागे फिरली, पण ते चाळीसही पडले. महानसिंगाची धुगधुगी शिल्लक होती. त्याने मागितलं काय, तर तो कागद फाडावा. गुरूंनी बेदावा तिथेच फाडला. ते चाळीस ‘मुक्ते’ झाले आणि खिद्राण्याचं झालं मुक्तसर.

बहुतेक गोष्टी इथेच संपतात. पण जखमी भागो वाचली होती, तिचं काय?

गुरूंनी तिची शुश्रूषा करवली. बरी झाल्यावर ती घरी परतली नाही. पुरुषी वेष आणि शस्त्रं धारण करून ती गुरूंच्या अंगरक्षकांत राहिली. दमदमा साहिबहून दक्षिणेकडे, १७०८ मध्ये नांदेडपर्यंत. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरूंचं इथे देहावसान झालं. ज्यांच्या रक्षणासाठी घर सोडलं तेच गेले. आता तरी पंजाबात जावं ना? तर नाही. ती आणखी दक्षिणेला, बीदरपासून दहा-अकरा किलोमीटरवरच्या जनवाड्याला गेली. बीदर शिखांना परकं नव्हतं म्हणा. पंज प्याऱ्यांपैकी साहिबसिंग तिथलेच. जनवाड्यात तिने नामस्मरणात दिवस काढले आणि चांगली म्हातारी होऊन गेली. तिच्या झोपडीच्या जागी आज तप अस्थान गुरुद्वारा आहे.

लढाईचा एक दिवस सगळ्यांना पाठ, आणि ही एवढी वर्षं दोन ओळींत आटोपतात. मला मात्र तीच जास्त धीराची वाटतात.

बीजींना यजमान गेल्यापासून नातेवाईक विचारतात, आता मुंबईत एकटीने कशाला, पंजाबात आपल्या माणसांत या. त्या हसून विषय बदलतात. जनवाडा त्यांचा अजून राहिलाय, गुडघ्यांमुळे. यंदा नांदेडहून गाडी करून जायचं आम्ही ठरवलंय.