रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी, १८८२ – १४ ऑक्टोबर, १९५३) हे गणिताचे प्राध्यापक, संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांचे पुरस्कर्ते आणि 'समाजस्वास्थ्य' या मराठी मासिकाचे संपादक होते. र. धों. कर्वे या नावाने ते अधिक परिचित आहेत. मासिकातील मजकूर अश्लील ठरवून त्यांच्यावर भरण्यात आलेले खटले महाराष्ट्रातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात.

जीवन

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म कोकणातील मुरूड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. गणिताच्या अध्यापनात काही वर्षे घालविल्यावर उच्च शिक्षणासाठी ते १९१९ साली पॅरिसला गेले.

तेथून परतल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. १९२३ साली त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते. या विषयाचा जाहीर प्रचार मिशनरी चालकांना रुचला नाही व १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. आपल्या मतांचे आचरण त्यांनी आधी स्वतःपासून केले होते. त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेऊन तो अखेरपर्यंत पाळला.

समाजस्वास्थ्य

'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक १५ जुलै, १९२७ रोजी निघाला. शारीरिक व मानसिक आरोग्याची, विशेषतः लैंगिक प्रश्नांची, शास्त्रीय चर्चा करणे हा त्याचा उद्देश होता. गुप्तरोग, गर्भधारणा, हस्तमैथुन, समसंभोग अशा विषयांवर आडपडदा न ठेवता लिहिले जाई. मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे मासिकाला विरोधक मिळाले आणि, हेही खरे, काही वर्गणीदारही मिळाले असावेत. मासिकाचा जिवंत भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न. जे डॉक्टरांपुढे किंवा घरात बोलणे अशक्य होते ते लोक पत्राने विचारीत आणि कर्वे त्याला थोडक्यात, रोखठोक उत्तर देत. एखाद्या अवयवाचे वा क्रियेचे नाव घेणे हीच अश्लीलता, हे मत त्यांना मान्य नव्हते.

खटले

पहिला खटला १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून झाला. सनातनी मंडळींच्या तक्रारीवरून कर्वे यांना अटक झाली व १०० रुपये दंड ठोठावण्यात आला. त्यावरील अपील फेटाळले गेले. सतत तोट्यात चालणाऱ्या मासिकाच्या संपादकाला ही रक्कम लहान नव्हती.

फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप लेखावर नसून वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. पुणे करारानंतर दोनच वर्षे झाली होती आणि दलितांच्या हक्कांच्या लढ्यात ते पूर्णपणे गुंतलेले होते. अशा काळात एका लोकनिंदेच्या प्रकरणात त्यांनी उभे राहणे लक्षणीय आहे. लैंगिक विषयावर लिहिलेले सारे अश्लील ठरत नाही; मासिकाचा उद्देशच लैंगिक शिक्षणाचा असल्याने वाचकांनी विचारलेल्या शंकांना उत्तर देणे संपादकाचे काम आहे, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. समसंभोगाबाबतच्या उत्तरासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. एप्रिलमध्ये निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला.

या निकालामागे कायद्याची रचनाही होती. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये धार्मिक कारणासाठी ठेवलेली पुस्तके आणि मंदिरांवरील शिल्पे यांना सूट होती. शास्त्रीय लेखनाला मात्र तशी सूट नव्हती. म्हणजे देवळाच्या भिंतीवरील मैथुनशिल्पाला संरक्षण होते, पण त्याच विषयावर शंका विचारणाऱ्या वाचकाला दिलेल्या उत्तराला नव्हते. त्यातच अश्लीलता ठरविण्यासाठी न्यायालये १८६८ सालच्या हिकलिन प्रकरणातील इंग्रजी कसोटी वापरीत. मजकुराने ज्यांचे मन सहज बिघडू शकेल अशा व्यक्तींवर काय परिणाम होईल, हे त्या कसोटीत पाहिले जाई. त्यामुळे मजकूर कोणासाठी व कशासाठी लिहिला, हा कर्वे यांच्या बचावाचा मुख्य मुद्दाच दुय्यम ठरत असे. शास्त्र, साहित्य, कला व ज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना १९६९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले आणि हिकलिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात बाजूला ठेवली.

पुढील काळ

दोन्ही शिक्षांनंतर मासिक बंद पडले नाही व त्याची भाषाही बदलली नाही. १९३४ सालीच 'आधुनिक कामशास्त्र' प्रसिद्ध झाले. आंबेडकरांनी संततिनियमनाचा प्रश्न पुढे विधिमंडळात नेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांचा तत्संबंधी ठराव मुंबई विधानसभेत पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी मांडला, पण तो नामंजूर झाला. १९४४ साली मालतीबाईंचे निधन झाले. त्यानंतरही कर्वे एकट्याने अंक काढीत राहिले. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य' थांबले.

त्यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात किशोर कदम यांनी कर्वे यांची भूमिका केली आहे. खटल्यांवर आधारलेले 'समाजस्वास्थ्य' हे अजित दळवी यांचे नाटक अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले.