अंगणातील शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तेथील माँटेसरी साधने सुबक, पण महाग. खेड्यातील गरिबांच्या मुलांना ती कोठून मिळणार? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली त्यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. परंतु वाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. धाकटे भावंड कडेवर, घरची कामे डोक्यावर; ती येणार तरी कशी? मग ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांना स्वच्छ करावे, केस विंचरावेत, मग गाणी आणि खेळ. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने! बालमंदिरात मूल शाळेकडे जाई, येथे शाळा मुलाकडे आली. फरक दिसतो लहान. पण त्यावाचून ती मुले शिकतीच ना.

पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली. तीत शिक्षणाबरोबर पूरक आहार व लसीकरणही आले, तेही सरकारी खर्चाने. तिच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी.