जॉन स्मीटन

जॉन स्मीटन (८ जून १७२४ – २८ ऑक्टोबर १७९२) हे इंग्लंडमधील ख्यातनाम अभियंते होते. एडिस्टोन दीपगृहाचे (१७५६–५९) निर्माते म्हणून ते सर्वश्रुत आहेत. तथापि पाणचक्कीच्या रचनेला आणि सुधारणेला त्यांनी दिलेले प्रयोगाचे अधिष्ठान तितकेच मोलाचे आहे.

लीड्सजवळील ऑस्टहॉर्प येथे एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. कायद्याच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले, परंतु ओढा यंत्रांकडे असल्याने त्यांनी शास्त्रीय उपकरणे बनवण्याचा व्यवसाय पत्करला. १७५३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पाणचक्कीवरील प्रयोग

त्या काळी चक्की बांधणारे कारागीर पिढीजात ठोकताळ्यांवर विसंबत, आणि विद्वानांची गणिते त्यांच्या फारशी कामी येत नसत. फ्रेंच गणिती आंत्वान पारां यांच्या मते प्रवाहाच्या धक्क्याने फिरणारे चक्र पाण्याच्या शक्तीचा फार तर ४/२७ भाग उपयोगात आणू शकत असे. स्मीटन यांनी १७५२–५३ मध्ये सुमारे दोन फूट व्यासाच्या चक्राची प्रतिकृती करून याची पडताळणी केली. पंपाने टाकीत चढवलेले पाणी चक्रावर सोडायचे आणि आसाला गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीने किती वजन उचलले जाते ते मोजायचे, अशी ही योजना होती. घर्षणात खर्च होणाऱ्या शक्तीचा हिशेबही त्यांनी वेगळा ठेवला.

खालून वाहणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने फिरणारे चक्र जास्तीत जास्त एक तृतीयांश शक्ती देते, तर वरून कप्प्यांत पडलेल्या पाण्याच्या वजनाने फिरणारे चक्र सुमारे दोन तृतीयांश देते, असे त्यांना आढळले. पात्यांवर आदळताना पाण्याची बरीच शक्ती उसळण्यात व फेसाळण्यात वाया जाते, हे त्याचे कारण. म्हणजे पाण्याला पुरेशी उंची असेल, तर त्याच ओढ्यावर जवळजवळ दुप्पट काम घेता येत होते. हे निष्कर्ष प्रत्यक्ष चक्क्यांवर अजमावल्यावरच त्यांनी १७५९ मध्ये आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यासाठी त्यांना कॉप्ली पदक मिळाले.

लाकडी आस सतत भिजून कुजत असे. शिवाय आरे बसवण्यासाठी पाडलेल्या खाचांमुळे तो ऐन मध्यभागी दुबळा होई. यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधील कॅरन लोखंड कारखान्यात त्यांनी १७६९ च्या सुमारास ओतीव लोखंडाचा आस वापरला.

उत्तरायुष्य

१७७१ मध्ये अभियंत्यांची पहिली संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. ऑस्टहॉर्प येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे अहवाल १८१२ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. चक्क्यांची चक्रे, आस व दातेरी चाके दाखवणारी त्यांची रेखाचित्रे रॉयल सोसायटीच्या संग्रहात आहेत.