विद्येला हाताची जोड : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या घरोघरी आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या कार्याचे एक मूळ त्यांच्या तरुणपणीच्या उपासमारीत आहे, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई यांनी त्यांना संस्कृत शिकविले. सहस्रावधी श्लोक त्यांना मुखोद्गत होते. तीर्थोतीर्थी पुराण सांगून हे कुटुंब निर्वाह करी. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि तो आधार तुटला. मजुरी करणे कुळाला कमीपणाचे वाटे आणि पोट भरेल असे दुसरे कोणतेही कसब कोणास येत नव्हते. प्रथम वडील, मग आई, पुढे थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. कुळाचा व विद्येचा अभिमान सोडून आपण एखादा धंदा शिकलो असतो, तर आईबापांचे प्राण वाचले असते, अशी खंत रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे.

पुढची हकीकत आपणास ठाऊकच आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर होण्याचे शिक्षण मिळावे, अशी मागणी केली. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती अभ्यासली. या पद्धतीत मूल हातांनी करून शिकते. मायदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. तेथील खेड्यापाड्यांतील अनाथ मुली व विधवा यांना त्यांनी आणले आणि केडगाव येथे मुक्तिसदन वसविले. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली. अन्नवस्त्र दिले की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. ज्यांना अभ्यासाची गती होती त्या शिक्षिका व्हाव्यात, सेवेची आवड असलेल्यांनी परिचर्या शिकावी. कोणी मागावर बसावे, कोणी शिवणकाम करावे, कोणी शेती, गाईगुरे व तेलघाणा सांभाळावा, अशी त्यांची योजना होती. अंध भगिनींनाही वाचन व हस्तकला शिकविण्यात येत असे.

रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते मुक्ति छापखान्यात याच मुलींनी खिळे जुळवून छापले. मुद्रिते तपासण्याचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे विसरता येत नाही की, त्या पंडितेची विद्या एके काळच्या उपाशी मुलींच्या हातांनी वाचकांपर्यंत पोहोचली.

वाचकहो, दहावीचा निकाल लागला की आपण खेड्यातील मुलामुलींना गुण विचारतो; त्यांना काय करता येते व काय आवडते, हे मात्र विचारत नाही. कार्यालयातील नोकरी तेवढी मानाची आणि हातांनी काम करणे हलके, ही समजूत आपल्याही घरांत शिरली आहे. पौल राहुट्या करीत असे, हे आपण उपदेशात ऐकतो आणि मुलाने सुतारकी शिकावी म्हटले की खिन्न होतो.

मग आपल्या मंडळीने काय करावे? उपासनेनंतरच्या एखाद्या दुपारी परिचारिका, वीजतंत्री, शिक्षक, प्रगत शेतकरी अशा सभासदांना शाळेतील मुलांसमोर बसवावे. कोणते शिक्षण किती वर्षांचे, खर्च किती, काम कसे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावे. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत न घाबरता कसे बोलावे, याचा सराव करून घ्यावा. याला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक मुलाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची दृष्टी लागते.

रमाबाईंना ती दृष्टी फार मोठी किंमत देऊन मिळाली. आपल्या मुलांना ती किंमत पुन्हा द्यावी लागू नये.